बायपास रजिस्टर

चाकणच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत गेटवर सिक्युरिटीवाला तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर लावतो. पुढच्या कॅमेऱ्यावर एक, मागच्यावर एक. काही ठिकाणी स्टिकरवर भागत नाही, फोनच लॉकरमध्ये ठेवून टोकन घ्यावं लागतं. हाताखाली साठ माणसं आणि डोक्यावर गृहकर्ज असलेला इंजिनीअर निमूटपणे फोन देतो, टोकन खिशात टाकतो आणि आत जातो. शिफ्ट सुटली की टोकन देऊन फोन ताब्यात घेतो, कंपनीच्या बसमध्ये खिडकी पकडतो आणि पहिलं काम काय करत असेल, तर मोशीतल्या घरी बसलेल्या पोराच्या टॅबला कुलूप घालतो.

आमच्या चिरंजिवांचं अगदी हेच. ते चाकणला क्वालिटीत, सूनबाई हिंजवडीला आयटीत, नातू सहावीत, आणि मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये हयात घालवून आता घरी. शिवाय सौ. आहेतच. म्हणजे देखरेख करणारे चार आणि ज्याच्यावर करायची तो एक. एवढे सुपरवायझर कुठल्याही कारखान्याला परवडलेले नाहीत. तरी उत्पादन, म्हणजे अभ्यास, टार्गेटच्या खालीच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चिरंजिवांनी ठरवलं की आता फॅमिली लिंक बसवायचं. गुगलचं हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. अ‍ॅपलवाल्यांकडे २०१८ पासून स्क्रीन टाइम म्हणून तशीच सोय आहे, पण आमच्याकडे अ‍ॅपल फक्त सूनबाईंकडे, आणि तेही हप्त्यांवर. क्वालिटीचा माणूस अ‍ॅप नुसतं बसवत नाही. त्यानं आधी एक्सेलमध्ये कंट्रोल प्लॅन केला. कोणत्या वारी किती मिनिटं, कोणतं अ‍ॅप चालू, कोणतं बंद, रात्री किती वाजता टॅब आपोआप झोपणार, मर्यादा ओलांडली तर काय करायचं. शेवटचा रकाना ‘जबाबदार व्यक्ती’. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: आजोबा.

रविवारी सकाळी बसवायला घेतलं आणि पहिल्याच पायरीवर ब्रेकडाऊन. अ‍ॅप म्हणालं, या खात्याच्या मालकावर देखरेख करता येणार नाही, ते सज्ञान आहेत. शोध घेतला तेव्हा प्रकरण २०२० सालापर्यंत मागं गेलं. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनातून सुरू झाली तेव्हा नातू पहिलीत होता. गुगलचं खातं स्वतःचं स्वतः वापरायला आपल्याकडे १३ वर्षं पुरी लागतात. बाईंची लिंक आलेली, वर्ग सुरू झालेला, कुकर शिट्ट्या देतोय, अशा अवस्थेत सूनबाईंनी जन्मसालाच्या यादीवर अंगठा सरकवला आणि तो जिथं थांबला ते साल टाकलं. ते होतं १९८८. तेव्हापासून आमचा नातू गुगलच्या दप्तरी बापापेक्षा एका वर्षानं लहान आहे. त्याला पाच वर्षं म्युच्युअल फंडांच्या आणि केस गळतीच्या जाहिराती का येत होत्या, याचाही उलगडा त्या दिवशी झाला.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. १८ वर्षांखालचं ते मूल, आणि त्याची माहिती घ्यायची तर आईबापांची खातरजमा करून घेतलेली संमती हवी, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायदा चांगलाच आहे. फक्त दिल्लीत तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो पालक होता, त्याच्या गॅसवर बहुधा कुकर नव्हता.

मग नवं खातं काढलं, खरी जन्मतारीख घातली. त्यात जुन्या खात्यावरच्या गेममधली सगळी कमाई गेली. तलवारी, चिलखतं, एक पाळीव लांडगा. नातवाचं म्हणणं होतं की त्याची सर्व्हिस तुटली. आमच्या पट्ट्यात कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा नव्यानं भरती करतात आणि त्याची मागची सेवा धरत नाहीत. पोरानं तो शब्द शेजारच्या काकांच्या तोंडून ऐकला असणार, पण वापरला अचूक. चिरंजीव मॅनेजमेंटच्या आवाजात म्हणाले, “पॉलिसी आहे.”

बसवण्याचं बाकीचं काम नातवानंच केलं. बापाच्या फोनवर पालकाचं अ‍ॅप, टॅबवर पाल्याचं, मधे कोड, मग चार-पाच वेळा ‘संमती आहे’. “बाबा, इथं नाही, खाली. अजून खाली. आता माझ्या टॅबवर तुमचा पासवर्ड टाका.” चिरंजिवांनी टॅब छातीशी धरून, पाठ फिरवून पासवर्ड टाकला. पाठ शोकेसकडे करायला हवी होती, तोंड नाही. शोकेसला काच आहे.

पोरांचं यात कौतुक करण्यासारखं काही नाही, असं आमच्या पिढीनं तरी म्हणू नये. मी लहानपणी पिंपरीच्या एका कंपनी वसाहतीत होतो. फोन फक्त साहेबांच्या बंगल्यांत. काळा, जड, गोल डायलचा. साहेब बाहेर जाताना डायलच्या भोकात एक छोटं कुलूप अडकवत, म्हणजे डायल फिरायची नाही. येणारे फोन घेता यायचे, लावता यायचे नाहीत. पेरेंटल कंट्रोल म्हणजे हेच, फक्त पितळी. आणि ते तोडायची युक्ती वसाहतीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. डायल फिरली की ती करते काय, तर लाईन तेवढ्या वेळा क्षणभर तोडते. मग डायल कशाला हवी? रिसीव्हर उचलायचा आणि तो ज्या खुंट्यांवर बसतो त्या बोटानं टकटक दाबायच्या. तीनसाठी तीनदा, मधे जरा थांबायचं, पाचसाठी पाचदा. शून्यासाठी दहा, आणि तिथंच हात चुकायचा. ज्यांच्या नंबरात एक आणि दोन जास्त, ते मित्र आमचे जिवलग झाले. नऊ-नऊ-शून्यवाल्या एका सज्जन मुलाशी केवळ या कारणानं माझी मैत्री वाढली नाही.

आताच्या पोरांचे मार्ग वेगळे, पण जात तीच. सोसायटीच्या क्लबहाऊसमागं जनरेटरची खोली आहे. संध्याकाळी तिच्या पायरीवर या विषयाची शिबिरं भरतात. टॅबचं घड्याळ मागं घेणं ही अगदी जुनी, बालवाडीतली युक्ती. तिच्याकडे आता मोठी मुलं तुच्छतेनं बघतात. शाळेचं अ‍ॅप ‘कायम चालू’ यादीत असतं, त्यात बाईंनी पाठवलेली एखादी व्हिडिओची लिंक असते, ती उघडली की शेजारी दुसरी दिसते, आणि प्रकाशसंश्लेषणातून निघालेलं पोर पाचव्या मिनिटाला क्रिकेटमध्ये. वायफाय काढून घेतलं तर क्रोममधला डायनासोर आहेच, तो नेट नसतानाच उड्या मारतो. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी महापालिकेचा आदर्श ठेवला. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, म्हणून त्यांनी वायफाय दिवसाआड सोडायला सुरुवात केली. पोरांनी काय करावं? शहरात लहानाची मोठी झालेली पोरं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी भरून ठेवलं.

पण एवढी सगळी कलाकारी मी पोरांच्या नावावर मांडणार नाही. इथं मला मेंटेनन्सवाला म्हणून बोलायचं आहे.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. कारण उघड आहे, दोन्ही हात बटणांवर असले तर एकही डायमध्ये नसतो. मशिनच्या दाराला लिमिट स्विच असतो, दार उघडं असेल तर मशिन चालत नाही. याला इंटरलॉक म्हणतात. बाहेरच्या लोकांचा समज असा की इंटरलॉक कामगार तोडतो. तोडतो, नाही असं नाही. एका बटणात लाकडाची पाचर मारतो, स्विचला टेप लावतो. पण ते सापडतं, त्याचा मेमो निघतो. खरा बायपास होतो तो महिन्याच्या २८ तारखेला. गाडी डॉकला लागलेली असते, मोठ्या कंपनीची लाईन आपल्या पार्टसाठी थांबायची वेळ आलेली असते, आणि मॅनेजर स्वतः मेंटेनन्सला येऊन खांद्यावर हात ठेवतो. “तेवढा सेन्सर बायपास कर रे. डिस्पॅच झालं की लावू परत.” मग पॅनल उघडायचं, दोन टर्मिनलमध्ये जंपर टाकायचा. वायरीचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकं सोललेली. डिस्पॅच होतं. जंपर राहतो. बाहेरचा ऑडिटर यायच्या आदल्या रात्री तो निघतो आणि ऑडिटर गेल्या रात्री परत बसतो. नियम करणाऱ्याच्याच सहीनं नियम मोडतो म्हणून त्याचं एक रजिस्टरही असतं, बायपास रजिस्टर. भोसरीत अर्धं बोट गेलेली माणसं पुष्कळ भेटतात. कामगारावर लक्ष ठेवायला सगळे टपलेले, रजिस्टर मात्र कोणी चाळत नाही.

घरी आल्यावरही मी सवयीनं तेच बघत बसलो. नातू काय करतो यापेक्षा जंपर कोण टाकतं ते.

सोमवार. सूनबाईंचा परदेशी क्लायंटबरोबर कॉल. नेमकं तेव्हाच नातवाला बेसिनमध्ये ज्वालामुखी करून बघायचा होता. सूनबाईंनी हेडफोनवर तळवा धरला, दुसऱ्या हातानं पालकाचं अ‍ॅप उघडलं आणि बोनस वेळ दिला. हा बोनस वेळ पुऱ्या पडद्यावर इतका ठळक, इतका हाताशी ठेवलेला आहे की अ‍ॅप करणाऱ्यांच्या घरीही लहान मूल असणार, याबद्दल मला शंका नाही. बुधवार. चिरंजीव सहकुटुंब चाकणला लग्नाच्या बोलणीला चालले होते. आंबेठाण चौकात गाडी अडकली ती तळेगाव चौकापर्यंत हललीच नाही. मागच्या सीटवरून “अजून किती?” हा प्रश्न ज्या वेगानं येत होता त्या वेगानं गाडी गेली असती तर नारायणगाव आलं असतं. टॅब उघडला. शनिवारी पाहुणे, पाहुण्यांची दोन मुलं, बोलायचं होतं त्यांच्या जमिनीच्या वाटण्यांबद्दल. तिन्ही पोरांना एक टॅब देऊन आतल्या खोलीत पाठवलं. रविवारी नाशिक फाट्याजवळ मिसळ खायला गेलो, तिथं तर टेबलाटेबलावर पाण्याच्या ग्लासाला टेकवून फोन उभे केलेले. तर्रीचा थेंब पडद्यावर पडला की बाप तो बोटानं पुसतो, तेवढाच दोघांचा संवाद.

आठवड्याच्या अखेरीला कंट्रोल प्लॅन आणि प्रत्यक्ष आकडे चिरंजिवांनी शेजारी शेजारी ठेवले. फॅमिली लिंक सगळं सांगतं, कोणतं अ‍ॅप किती मिनिटं, टॅब कुठं आहे, बॅटरी किती उरली. फक्त जंपर कोणी टाकला याचा रकाना त्यात नाही. तो मी एका जुन्या डायरीत लिहायला लागलो. तारीख, वेळ, कारण, मंजुरी देणारा. हे घरात कळल्यावर दोन दिवस माझा चहा थंडच आला.

त्या डायरीत सौ.चं नाव नव्हतं, याचा तिला अभिमान होता. “मी नाही बाई टॅबला हात लावत.” खरंच नव्हती लावत. तिचा स्वतःचा फोन होता आणि त्याला कसलंच कुलूप नव्हतं. दुपारी नातू शाळेतून आला की तो आज्जीला आळंदीचं कीर्तन लावून द्यायचा. कीर्तन लागलं की आज्जीचा डोळा लागायचा. या गोष्टीचा पुरावा फोननंच दिला. यूट्यूब बिचारं जे बघाल तसलं पुढं सुचवतं, आज्जी कोण आणि नातू कोण हे त्याला कळत नाही. एकादशीला सौ.नं फोन उघडला तर वर इंद्रायणीकाठचं कीर्तन, खाली हिऱ्याच्या तलवारीनं ड्रॅगन कसा मारावा, मग हरिपाठ, मग पुन्हा ड्रॅगन. “हल्लीच्या कीर्तनात फार नवं नवं यायला लागलंय,” एवढंच ती म्हणाली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव याच सुमारास आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघालं. त्या गावानं २०२२ साली ठरवलं की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि दीड तास गावातले सगळे टीव्ही, सगळे फोन बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. गावात अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरून सांगत. साडेआठला परत भोंगा. देशभर बातमी गेली. मला त्यातली एकच गोष्ट सगळ्यात आवडली, कुलूप पोरांपुरतं नव्हतं. भोंगा बापालाही ऐकू येतो. त्याच वर्षी यवतमाळकडच्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलच बंद करायचा ठराव केला. आणि १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती देशभर बंद केली. तिथं दंडाची भीती आहे ती कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. पण मला विचाराल तर वडगावचा भोंगा यात सर्वांत पुढचा.

सोसायटीनं भोंग्याचा ठराव मांडला. आमच्या पट्ट्याला भोंगा काय नवा? अर्धं पिंपरी-चिंचवड कंपन्यांच्या भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. अनुमोदन भराभर आलं. मग वेळ ठरवायला बसले आणि तिथं सगळं फिसकटलं. सातला? सातला फर्स्ट शिफ्टवाला घरी आहे, जनरलवाला अजून बसमध्ये, सेकंडवाला लाईनवर, थर्डवाल्याची ती झोपेची वेळ, तो म्हणाला भोंगा वाजला तर मीच खाली येऊन मोडीन. हिंजवडीवाल्यांची सात ही तर मीटिंगची वेळ, पलीकडं सकाळ होत असते. मग सुट्टीच्या दिवशी? शाळेला सुट्टी रविवारी, आणि पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी. गुरुवारी बाप घरी, पोरं शाळेत. रविवारी पोरं घरी, बाप कामावर. वडगावात सातला सगळं गाव गावात असतं. आमच्या इमारतीत सगळी माणसं एका वेळी घरी असल्याची नोंद मार्च २०२० ची आहे, आणि तेव्हा घरोघर टॅब आला तो शाळेनंच मागितला म्हणून. बाप तिकडं, आई तिकडं, खाली डंपरचा रस्ता, मैदान होतं तिथं फेज टू. या घरात टॅब हा चैनीचा माल नव्हे, तो एक बदली कामगार आहे. रजा न घेणारा, ओटी न मागणारा. त्याला कामावरून काढायचं म्हटलं की आधी विचार करावा लागतो, त्याची शिफ्ट कोण करणार. ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

इकडं घरी नातवानं मागण्यांचं पत्रक दिलं. वहीच्या मधल्या पानावर, पेनानं, मुद्देसूद. आमच्या पट्ट्यात कामगार आणि कंपनी यांचा करार साधारण तीन वर्षांचा होतो, पेढे वाटतात, गेटवर फटाके लागतात, त्यामुळं मसुदा कसा असतो हे पोरांना पाठ्यपुस्तकाआधी कळतं. मागणी एक, रोज अर्धा तास वाढ, गृहपाठ झाल्यावरच घेणार. दोन, गेलेल्या लांडग्याची भरपाई. तीन, नवं अ‍ॅप मागितलं की बाबांचा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून मंजुरीचे अधिकार दिवसा आजोबांना द्यावेत. चार, रात्री जेवताना घरातले सगळे फोन शोकेसच्या खणात, किल्ली आज्जीकडे. ‘सगळे’ या शब्दाखाली दोन रेघा.

वाटाघाटी सौ.च्या अध्यक्षतेखाली झाल्या. अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली. लांडग्यावर मॅनेजमेंटनं सहानुभूती व्यक्त केली. तिसरी मागणी चिरंजिवांनी साफ फेटाळली, माझ्याकडे बघून. चौथीवर गाडी अडली. सूनबाई म्हणाल्या, ऑन-कॉल असते तेव्हा कसं? चिरंजीव म्हणाले, “माझा कामाचा फोन आहे.” नातू म्हणाला, “तुमचा तर कंपनीत पण लॉकरमध्ये असतो ना बाबा, मग काम कसं करता?” या वाक्यावर मॅनेजमेंटनं चहासाठी वेळ मागून घेतला.

शेवटी सही झाली. मुदत तीन वर्षं, जेवणाची पाऊण तासाची अट दोन्ही पक्षांना लागू, साक्षीदार म्हणून माझी सही. सौ.नं पेढ्याऐवजी शिरा केला. दुसऱ्या दिवशी रात्री ताटं वाढली, खणात फोन पडले, किल्ली फिरली. भात वाढेपर्यंत खणातून दोनदा घूं घूं आवाज आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिरंजिवांनी खुर्ची जरा मागं सरकवली आणि आईकडे बघत हळूच म्हणाले, “फक्त बघतो, लाईनवरून असेल. महिनाअखेर आहे.”

नातू उठला आणि माझी डायरी घेऊन आला.